टिकटिक कशाची? मायापुरी, नरोरा आणि बोअरचे पाणी

गायगर काउंटर वाजला की इथे काहीतरी आहे, एवढे कळते. ते काहीतरी कुठून आले, कधी आले, कुणाच्या हातून सुटले, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. दिल्ली आणि तिच्या भोवतीचे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र एवढाच पट्टा डोळ्यांसमोर ठेवला, तरी काउंटर वाजण्याची तीन अगदी निराळी कारणे तिथे एकत्र नांदताना दिसतात. पश्चिम दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारातून निघालेल्या कोबाल्टने एका कामगाराचा जीव घेतला. बुलंदशहर जिल्हा राजधानी क्षेत्रात मोडतो, आणि त्याच जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोराचे अणुवीज केंद्र १९८९ पासून उभे आहे. शिवाय दिल्ली, हरियाणा आणि पलीकडे पंजाबपर्यंत अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात युरेनियम सापडते, त्याचा अणुभट्टीशी संबंध असतो की नसतो यावर वर्षानुवर्षे वाद झडतात. पहिला अपघात माणसाच्या निष्काळजीपणाचा, दुसरी बाब रोजच्या परवानगीतल्या विसर्गाची, तिसरी बहुतांशी जमिनीच्या पोटातली. लोकांच्या बोलण्यात मात्र तिघांना एकच शब्द: रेडिएशन. हे तीन धागे वेगळे काढता येतात का, आणि येत असतील तर आपण ते काढतो का, हा या आढाव्याचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मोजमापात आपण कच्चे नाही. माग काढण्यात कच्चे आहोत, आणि त्या कच्चेपणात यंत्रांपेक्षा नोंदवह्यांचा वाटा मोठा आहे.

मायापुरीची हकिगत बहुतेकांनी अपघाताची बातमी म्हणून वाचली. ती तपासाची गोष्ट म्हणून वाचली तर जास्त शिकवते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे गॅमासेल २२० नावाचे कॅनडाहून आलेले एक यंत्र १९६८ पासून होते. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६० च्या कांड्या ठेवायच्या आणि मधल्या पोकळीत नमुना ठेवून त्यावर गॅमा किरणांचा मारा करायचा, असे त्याचे काम. १९८५ पासून ते कुणी वापरले नाही. २६ फेब्रुवारी २०१० रोजी ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगारवाल्याला त्यात दिसला तो शिशाचा भाव, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती; विकणाऱ्यांनाच आत काय आहे याचा विसर पडला होता. मायापुरीत कवच फोडले गेले, आतल्या कांड्या कापल्या गेल्या, काही तुकडे शेजारच्या दुकानात गेले, एक तर कुणाच्या पाकिटात जाऊन बसला. त्वचा काळी पडणे, केस गळणे, उलट्या अशा लक्षणांनी एक दुकानदार रुग्णालयात पोचला, आणि ७ एप्रिल रोजी ही खबर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे गेली. महिना संपायच्या आत, २६ एप्रिलला, एका कामगाराचा मृत्यू झाला. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

आता यातला माग पाहा. नियामक मंडळ, भाभा अणुसंशोधन केंद्र, नरोराचे कर्मचारी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अशा सगळ्यांची माणसे त्या गल्लीत उतरली. हातातल्या यंत्राने जागा दाखवली. पण गुन्हेगाराचे नाव वर्णपटाने सांगितले. गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर कोबाल्ट-६० असेल तर दोन टोकदार सुळके उभे राहतात, एक ११७३ आणि दुसरा १३३२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर, अगदी जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी. सीझियम-१३७ असता तर ६६२ वर एकच सुळका दिसला असता. त्या जोडीमुळे पहिल्या दिवसांतच एक मोठी शंका निकाली निघाली: हे अणुभट्टीतून निसटलेले इंधन नाही, कारण इंधन असते तर वर्णपटात सीझियम आणि त्याची भावंडे गर्दी करून आली असती. एकटा कोबाल्ट म्हणजे कुणीतरी मुद्दाम बनवलेला, डबीत बंद केलेला स्रोत. मग कांड्यांची घडण पाहून त्या कोणत्या जातीच्या यंत्रातल्या हे ओळखले गेले, आणि तिथून पुढचा माग शुद्ध कागदी होता: हे यंत्र देशात कुणाकडे होते, त्यातले कुठले जागेवर नाही, लिलावाची पावती कुणाच्या नावाची. एप्रिल संपता संपता तपास विद्यापीठाच्या दारात पोचला.

इथे थोडा हिशोब करण्यासारखा आहे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे. १९६८ ते २०१० ही बेचाळीस वर्षे म्हणजे जवळजवळ आठ अर्धायुष्ये. मूळचा भार तोच राहिला असे धरले, तर त्यातला अडीचशेवा हिस्सा, टक्क्याच्या निम्म्याहून कमी, उरला होता, आणि तेवढ्यानेही माणूस मेला. जुने झाले म्हणजे निरुपद्रवी झाले हा समज किती महाग पडतो, ते यावरून कळते. पण मला या हकिगतीत जास्त खुपते ते दुसरेच. वर्णपटाला जे काम काही तासांचे, त्यासाठी कागदाला आठवडे लागले. कारण त्या यंत्राची नोंद जिवंत नव्हती. पंचवीस वर्षे न वापरलेला स्रोत कुणाच्याही वार्षिक यादीत उठून दिसत नव्हता. नंतर मंडळाने परवान्यांची सगळी व्यवस्था संगणकावर आणली, विद्यापीठांना आपापल्या कपाटांतले स्रोत मोजायला सांगितले, आणि हे योग्यच झाले. २०१२ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नियामक मंडळाच्या कामावर जे ताशेरे ओढले, त्यातही बेवारस स्रोतांचा मागोवा ठेवण्यातली ढिलाई होतीच. महाराष्ट्रालाही याचा एक धडा आधीच मिळाला होता: २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० निघाला आणि त्या पोलादाचा माग खोपोलीकडच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भट्टीत एकदा स्रोत वितळला की त्याचा पत्ता हजारो बटणांत वाटला जातो. मायापुरीत तो निदान तुकड्यांत तरी सापडला.

कोबाल्टचा माग सोपा, कारण तो एकटा येतो. अणुइंधनाचा माग अवघड असतो आणि म्हणूनच त्यात शास्त्र जास्त आहे. अणुइंधन जळते, थंड होते, त्याची पुनर्प्रक्रिया होते, तेव्हा त्यातून कोणती समस्थानिके बाहेर पडतात यापेक्षा ती एकमेकांशी कोणत्या प्रमाणात आहेत हे महत्त्वाचे ठरते. सीझियम-१३७ जगभर सापडतो, कारण १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी तो सगळ्या जमिनीवर पसरला आहे. दिल्लीच्या मातीतही आहे, सातपुड्याच्या मातीतही. पण सीझियम-१३४ बॉम्बच्या स्फोटात जवळजवळ तयारच होत नाही. तो भट्टीत, इंधन बराच काळ जळत राहिल्यावर तयार होतो, आणि दोन वर्षांत निम्मा होतो. एखाद्या गाळाच्या नमुन्यात १३४ दिसला, तर तो जुन्या चाचण्यांचा नाही, भट्टीचा आहे आणि अलीकडचा आहे, एवढे तीन निष्कर्ष एकदम निघतात. प्लुटोनियमचेही तसेच: २४० आणि २३९ यांचे प्रमाण चाचण्यांतून जगभर पडलेल्या धुळीत साधारण ०.१८ असते, शस्त्रांसाठी बनवलेल्या प्लुटोनियममध्ये त्याहून बरेच कमी, आणि वीजभट्टीत दीर्घकाळ जळलेल्या इंधनात बरेच जास्त. युरेनियम-२३६ निसर्गात जवळजवळ नसतोच. तो दिसला की ते युरेनियम कधीतरी भट्टीत जाऊन आले आहे असे समजावे.

या शास्त्राची ताकद जगाने २०१७ च्या शरदात पाहिली. सप्टेंबर संपताना आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला युरोपातल्या हवेच्या गाळण्यांवर रुथेनियम-१०६ दिसू लागले. कुठल्या देशाने अपघात झाल्याचे सांगितले नव्हते. बाकी विखंडनातली द्रव्ये जवळपास नव्हती, म्हणजे भट्टीचा अपघात नाही. रुथेनियम-१०३ चा अगदी बारीक अंश बरोबर होता, आणि १०३ चे अर्धायुष्य अवघे एकोणचाळीस दिवसांचे असल्याने त्या दोघांच्या प्रमाणावरून इंधन भट्टीबाहेर येऊन साधारण दोनच वर्षे झाली असावीत असे गणित निघाले. वाऱ्याचे नकाशे उलटे चालवल्यावर बोट दक्षिण उरलकडे, तिथल्या मायाक पुनर्प्रक्रिया संकुलाकडे गेले. रशियाने ते कबूल केले नाही. पण कबुलीची गरज उरली नव्हती, कारण अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी आपापल्या गाळण्या स्वतंत्रपणे मोजल्या होत्या आणि आकडे एकमेकांसमोर ठेवले होते. मला यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच खात्याने एकाच गाळणीवर मोजले असते, तर समस्थानिकांचे सगळे ज्ञान असूनही तो एक दावा राहिला असता.

आता नरोरा. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या, जड पाण्याने चालणाऱ्या दोन भट्ट्या तिथे आहेत. इथे इंधन जळते पण त्याची पुनर्प्रक्रिया होत नाही, त्यामुळे तुर्भे किंवा तारापूरसारखा गुंतागुंतीचा विसर्ग इथे नाही. या जातीच्या भट्टीतून रोज बाहेर पडते ते मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे जड पाण्यातून तयार होणारा किरणोत्सारी हायड्रोजन. शिवाय काही निष्क्रिय वायू आणि कार्बन-१४. ट्रिटियम काही दिवसांत शरीराबाहेर जातो आणि त्याचे किरण त्वचेतूनही आत शिरत नाहीत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक पातळी लिटरला दहा हजार बेकरेल इतकी सैल ठेवली आहे. प्रत्येक अणुवीज केंद्राबाहेर भाभा केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, आणि ती केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून काम करते. हे श्रेय अणुऊर्जा विभागाला द्यायलाच हवे; पुष्कळ कारखाने प्रदूषण झाल्यावर प्रयोगशाळा काढतात. तीस किलोमीटरच्या परिघातले पाणी, हवा, माती, दूध, भाजी, मासे असे नमुने नेमाने घेतले जातात. ब्रिटनमधल्या विंडस्केल अणुभट्टीच्या १९५७ च्या आगीने जगाला शिकवले की आयोडिन-१३१ सर्वांत आधी दिसतो तो गवत खाणाऱ्या जनावराच्या दुधात. तिथे सुमारे ५०० चौरस किलोमीटरवरचे दूध ओतून द्यावे लागले होते. गंगेच्या काठी ही तपासणी म्हशीच्या आणि शेळीच्या दुधावर होते, एवढाच फरक.

या प्रयोगशाळांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. भाभा केंद्रातल्या संशोधकांनी २००० ते २०२० या वीस वर्षांच्या नोंदी घेऊन एक शोधनिबंध लिहिला, तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला, आणि त्याचा सारांश असा की देशातल्या अणुवीज केंद्रांभोवती लोकांना मिळणारी मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट या मर्यादेच्या फार खाली आहे. पाच किलोमीटरच्या पलीकडे तर बहुतेक द्रव्ये यंत्राच्या मापनक्षमतेच्याही खाली. या निष्कर्षावर संशय घ्यायला माझ्याकडे कारण नाही. पण ‘मापनक्षमतेच्या खाली’ हे शब्द नीट वाचायला हवेत. एक लिटर दूध तासभर मोजले तर जी खालची मर्यादा येते, ती पन्नास लिटर आटवून चोवीस तास मोजल्यावर कितीतरी उतरते. काही दिसले नाही, हे विधान आपण किती बारीक चाळणी वापरली त्यावर अवलंबून असते. लोकांच्या आरोग्यासाठी जाड चाळणी पुरते. माग काढण्यासाठी ती पुरत नाही. धोका नाही हे सिद्ध करणे आणि स्रोत ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपली सगळी व्यवस्था पहिल्या कामासाठी बांधलेली आहे.

हा फरक कधी लागतो? ३१ मार्च १९९३ च्या पहाटे लागला होता. नरोराच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली, त्या हादऱ्याने हायड्रोजन सुटला, आग लागली, विजेच्या तारा जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्र स्वतःच विजेविना होते. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवून भट्टी थंड ठेवली. देशातल्या अणुउद्योगाला इतका जवळचा फटका दुसरा बसलेला नाही. मोजपट्टीवर ही तिसरी पातळी. किरणोत्सार बाहेर गेला नाही, असे सांगितले गेले, आणि तांत्रिक वर्णन वाचता ते पटण्यासारखे आहे, कारण आग भट्टीच्या बाहेरच्या बाजूला होती. तरी पटणे आणि तपासता येणे यात अंतर राहतेच. त्या आठवड्यातली दुधाची, हवेची, गवताची मालिका ज्यांनी केंद्र चालवले त्यांच्याच विभागाने घेतली, त्यांनीच मोजली, आणि मूळ आकडे बाहेरच्या कुणा अभ्यासकाला सहज मिळण्याची सोय नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या अठराव्या कलमाने माहिती रोखण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि त्या कलमाची सावली दुधाच्या आकड्यांवरही पडत राहिली.

तिसरा धागा सर्वांत गोंधळाचा, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. २००९ च्या सुमारास पंजाबातल्या फरीदकोट इथे उपचार घेणाऱ्या काही मुलांच्या केसांत युरेनियम सापडल्याची बातमी आली आणि तर्कांना उधाण आले. कुणी भटिंड्याच्या औष्णिक केंद्राच्या राखेकडे बोट दाखवले, कुणी अफगाणिस्तानच्या युद्धात वापरलेल्या म्हणे क्षीण युरेनियमच्या गोळ्यांकडे. यातला दुसरा तर्क एका मोजणीत तपासता येतो. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ चा हिस्सा ०.७२ टक्के असतो, जवळजवळ कुठल्याही खडकात, कुठल्याही खंडात. क्षीण युरेनियममध्ये तो ०.२ ते ०.३ टक्के. वाऱ्याने एवढ्या लांब काही आणले असते तर हे प्रमाण खाली ओढले गेले असते. राखेचा तर्क जास्त कठीण, कारण कोळशातले युरेनियमही नैसर्गिकच. तिथे २३४ आणि २३८ यांच्या प्रमाणाचा आधार घ्यावा लागतो. खडकात दोघांची सक्रियता जवळजवळ सारखी असते, पण भूजल दीर्घकाळ दाणेदार मातीतून झिरपते तेव्हा २३४ सहज सुटून पाण्यात उतरतो आणि त्याचे पारडे जड होते.

आज या भागातल्या युरेनियमचे मुख्य कारण जमीन आणि उपसा हेच मानले जाते, आणि मलाही ते ग्राह्य वाटते. राजस्थानातून हरियाणात येणाऱ्या दिल्ली सुपरग्रुपच्या खडकांत युरेनियम आहे. सीकर जिल्ह्यातला रोहिलचा साठा त्याच खडकांतला. पाण्याची पातळी खाली गेली की हवा खोल शिरते, युरेनियम विरघळण्याजोगे होते, आणि बायकार्बोनेटने भरलेले पाणी त्याला धरून ठेवते. शेतातल्या खताचा नायट्रेट त्यात भर घालतो. राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरींवर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने जातो. हे युरेनियम किरणांपेक्षा रसायन म्हणून, मूत्रपिंडाला, जास्त त्रास देते. मर्यादांचा इतिहासही बोलका आहे: जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली लिटरला २ मायक्रोग्रॅम म्हटले, २००४ साली १५, २०११ साली ३०, आपल्या नियामक मंडळाने किरणांच्या अंगाने ६० ठरवले. एकाच बोअरचे पाणी एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर नापास होण्याची सोय अशी झाली.

पण देशभर हे युरेनियम मोजले कशाने? बहुतेक ठिकाणी एलईडी फ्लुओरीमीटरने. सुटसुटीत यंत्र, इंदूरला बनते. बाटलीतले पाणी गाळून घ्यायचे, त्यात फॉस्फेटचा द्राव टाकायचा, छोट्या क्युव्हेटमध्ये भरून झाकण लावायचे, आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी या यंत्रावर हजारो नमुने मोजले, त्यामुळेच देशाचा युरेनियमचा नकाशा तयार झाला, आणि तो उपयोगी आहे. फक्त हे यंत्र किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. समस्थानिकांचे प्रमाण काढायला वस्तुमान वर्णपटमापक लागतो, नमुन्याला काटेकोर निगा लागते, खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून नकाशा भरगच्च झाला आणि माग तुटक राहिला. एखाद्या इंधन कारखान्याच्या किंवा टाकाऊ गाळाच्या तळ्याच्या शेजारच्या गावात उद्या बोअरमध्ये ८० मायक्रोग्रॅम निघाले, तर फ्लुओरीमीटर गावकऱ्यांच्या बाजूनेही साक्ष देणार नाही आणि कंपनीच्या बाजूनेही नाही. दोन्ही पक्ष आपापल्या मनाचा स्रोत त्या आकड्याला चिकटवतील, आणि तेच होते.

माग काढायला आणखी एक गोष्ट लागते ती ‘आधीची’ नोंद, आणि इथे दिल्ली अनपेक्षितपणे श्रीमंत आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पर्जन्यजाळ्यात नवी दिल्लीच्या पावसातले ट्रिटियम १९६० च्या दशकापासून मोजले गेले आहे. १९६३ च्या सुमारास चाचण्यांमुळे ट्रिटियमचा जो फुगवटा आला, तो दिल्लीच्या पावसातही उतरला, आणि पुढे पुसाच्या कृषी संशोधन संस्थेतल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी समस्थानिकांच्याच आधारे दिल्लीचे भूजल कुठून आणि किती वेगाने भरते याचा अभ्यास झाला. नरोरा सुरू होण्याच्या पंचवीस वर्षे आधीची ही रेघ आहे. उद्या गंगाकाठच्या एखाद्या विहिरीत ट्रिटियम जास्त दिसला, तर तो चाचण्यांचा उरलेला की भट्टीचा, हे या रेघेशिवाय ठरवता येत नाही. आणि गंमत अशी की ही रेघ जगाला खुली आहे, तर खुद्द भट्टीच्या कुंपणाबाहेरचे आकडे मागावे लागतात.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, केंद्रांचा वाटा त्यापुढे नगण्य, मग त्याच्या मागे एवढे का लागायचे? आरोग्याच्या हिशोबाने हा आक्षेप बरोबर आहे. पण माग काढण्याचे प्रयोजन आजचा आजार शोधणे एवढेच नसते. नेहमीची पातळी खूप खाली आहे, म्हणूनच तिच्यातली छोटी वाढही काहीतरी बिघडल्याची पहिली खूण ठरते. नगण्य विसर्गाची बारीक मालिका हीच मोठ्या अपघाताची आगाऊ घंटा. दुसरा आक्षेप: आकडे उघडे केले तर लोक घाबरतील, वर्तमानपत्रे ‘दुधात किरणोत्सार’ असे मथळे देतील. देतील, यात शंका नाही. पण आकडे बंद ठेवल्याने भीती कमी झाल्याचा पुरावा फरीदकोटने तरी दिला नाही. तिथे माहितीच्या पोकळीत युद्धभूमीवरच्या गोळ्या येऊन पडल्या. ब्रिटनमध्ये अन्नातल्या आणि पर्यावरणातल्या किरणोत्साराचा वार्षिक अहवाल १९९५ पासून निघतो, सेलाफील्ड अणुसंकुलाच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांतला आकडाही त्यात छापला जातो, आणि लोक शिंपले खातात.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: हे काम नाजूक असते, हौशी संस्था चुका करतील, आणि चुकीचा आकडा खऱ्या आकड्याइतकाच वेगाने पसरेल. मान्य. पण मायापुरीत काय झाले ते आठवावे. अधिकृत साफसफाई झाल्यावर मे महिन्यात ग्रीनपीसचे तज्ज्ञ त्या गल्ल्यांत फिरले, काही जागी किरणोत्सार अजून आहे असे त्यांनी दाखवून दिले, आणि यंत्रणेला परत येऊन माती उचलावी लागली. आपल्याच खात्याचा दक्ष माणूसही जिथे ‘झाले’ म्हणून वही मिटतो, तिथे दुसरा माणूस पुन्हा कोपरे तपासतो. ऑडिटचे सगळे शास्त्र यावरच उभे आहे. फ्रान्सने चेर्नोबिलनंतर उभ्या राहिलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळांना मान्यतेच्या परीक्षेला बसवले, आणि पास झालेल्यांचे आकडे २०१० पासून सरकारी जाळ्यात सरकारी आकड्यांच्या शेजारी दिसतात. हौशी कोण आणि कसलेला कोण हे मान्यतेच्या परीक्षेनेच ठरते. सुरक्षेचे कारणही पुढे केले जाईल. विसर्गाच्या वेळापत्रकाबाबत ते समजू शकतो, शेळीच्या दुधाबाबत नाही.

पुन्हा तपासणारा हा दुसरा हात कुठून आणायचा, याचे उत्तर दिल्लीतच आहे. आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या छत्राखाली चालते, अणुऊर्जा विभागाच्या नाही. तिथे त्वरकाला जोडलेला वस्तुमान वर्णपटमापक आहे, आणि त्यावर कार्बन-१४ मोजला जातो, मुख्यतः पुरातत्त्व आणि भूशास्त्रासाठी. जड पाण्याच्या भट्टीतून कार्बन-१४ थोडा थोडा हवेत जातो, झाडे तो प्रकाशसंश्लेषणातून घेतात आणि लाकडात साठवतात. नरोराजवळच्या लाकडाची ज्याच्याशी तुलना करायची ते झाड मात्र दिल्लीत शोधून चालणार नाही. शहराच्या धुरात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन आहे, त्यात १४ उरलेलाच नाही, त्यामुळे दिल्लीचे लाकूड वयाने जुने भासते. ते झाड वाऱ्याच्या वरच्या अंगाला, महामार्गापासून लांब असावे. साग वर्षाला एक वलय धरतो. नरोराच्या परिसरात भट्टी सुरू होण्याआधी लावलेला एखादा साग आज उभा असेल, तर पेन्सिलीएवढ्या जाडीची एक कांडी त्याच्या खोडातून काढून बुंध्याला इजा न करता वर्षावर्षाचा विसर्ग मागे मागे वाचत जाता येईल. त्यात १९९३ चेही वलय असेल.